सात पायांचा कोळी

बस सिग्नलला थांबली नसती तर रोझली झुर्को सरळ दगडवाल्याच्या आवारात गेली असती, थडग्याच्या दगडावर नवऱ्याच्या नावाशेजारी आपलंही नाव कोरायला सांगून आली असती, आणि पुढचं काही झालंच नसतं. पण बस थांबली, आणि तीही अशी की तिची खिडकी नेमकी एका हिरव्या दारासमोर आली. पिट्सबर्गच्या त्या उतारावर फूटपाथ एवढा अरुंद, की खिडकी उघडती असती तर दाराला हात लागला असता. दारावर हॅलोविनचं काळं कडं टांगलेलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. ऑक्टोबर लागला की अर्ध्या गावाच्या दारांवर अशी कडी लटकतात, कुणाची दुकानातली, कुणाची घरी केलेली. हे घरचं होतं. कपड्यांचा तारेचा हँगर गोल वाकवून, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, एकेक पट्टी तारेला गाठ मारून भरगच्च केलेलं. गाठी सैल आहेत, रोझलीच्या मनात आलं. गाठ मारल्यावर पट्टी मागं ओढून घ्यायला हवी, म्हणजे कडं फुलतं. एवढी खोट काढून ती नजर वळवणार, तोच तिला कड्याच्या खालच्या अंगाला बसलेला कोळी दिसला. काळ्या लोकरीचा गोंडा, दोन बेजोड बटणांचे डोळे आणि पोरांच्या हस्तकलेतल्या केसाळ तारेचे पाय. तिनं पाय मोजले. पुन्हा मोजले. सात होते.

बस पुढं सरकली आणि दार मागं गेलं. रोझली मान वळवून बघत राहिली, मग शेजारची बाई आपल्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर पर्स उघडून उगाच त्यात काहीतरी शोधू लागली. कोळ्याला पाय आठ असतात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दुकानातल्या कोळ्यांना आठ असतात. एखादा गळून पडलाच तर तिथं गोंदाचा डाग राहतो. इथं डाग नव्हता. सात पायांचा कोळी अख्ख्या गावात एकच माणूस करत होता, आणि तो गेल्या एप्रिलमध्ये वारला होता. लग्न झालं त्या वर्षी रोझलीनं पट्ट्यांना गाठी मारल्या आणि कोळी एमिलकडे दिला. एमिलनं जेवायच्या काट्याभोवती लोकर गुंडाळून गोंडा केला, चार तारा मधोमध आवळून आठ पाय केले, आणि मग कोळी कड्याला बांधायला तारच उरली नाही. दुकानं बंद झालेली. त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं, मग एक पाय मागं वळवून हँगरला पीळ देऊन टाकला. "लंगडा केलास की रे त्याला!" रोझली हसून म्हणाली. "लंगडा कसला? एका पायानं घट्ट धरून बसलाय," एमिल म्हणाला. पुढच्या वर्षी तारा भरपूर होत्या, तरी त्यानं तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. वारा आला, पाऊस आला, शेजाऱ्यांच्या दारांवरची वटवाघळं नि भोपळे उडून गटारात गेले, पण झुर्कोंचा कोळी कधी पडला नाही. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पसरलेलं वर्तमानपत्र, कोबी आणि शेवया परतल्याचा वास, समोर डावखुरा एमिल जीभ दातांत धरून तार वळवतोय. लग्नात जे काही बरं होतं त्यातलं पुष्कळसं त्या टेबलावर होतं. मग आता दुसऱ्या कुठल्या टेबलावर, कुणासमोर बसला होता तो? रोझलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ही पाल तिच्या मनात कायमचीच मुक्कामाला होती. आज फक्त ती भिंतीवरून खाली उतरली.

दगडवाल्याच्या आवारात दगड तयार होता. राखाडी, दोन भागांचा. डावीकडे एमिलचं नाव, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष. उजवीकडचा भाग गुळगुळीत, कोरा. त्यांच्या चर्चमध्ये रीतच होती तशी: नवराबायकोतलं एक गेलं की दगडावर दोघांची नावं घालायची, जिवंत असलेल्याच्या नावापुढं जन्माचं वर्ष, एक आडवी रेघ, आणि पुढं मोकळी जागा. रोझलीच्या आजीचं तसंच होतं, मावशीचं तसंच होतं. रविवारी प्रार्थनेनंतर बायका आपापल्या नावाला फुलं वाहून घरी जाऊन कोंबडी शिजवायच्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. "मग, बाई? घालू ना नाव?" दगडवाल्यानं खडूनं कोऱ्या भागावर एक ओळ आखून विचारलं. रोझली त्या ओळीकडे बघत राहिली. जन्मभर ज्याच्या शेजारी झोपलो त्याच्या शेजारी पुढंही झोपायचं, यात विचारण्यासारखं काय होतं? सकाळी काहीच नव्हतं. "थांबा जरा," ती म्हणाली. दगडवाल्यानं खडू खिशात टाकला. "शुक्रवारपर्यंत सांगा. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाआधी बसवायचा असेल तर नंतर जमायचं नाही. आणि एक सांगतो, मागाहून कोरलेलं अक्षर वेगळं दिसतं. लोकांच्या लक्षात येतं." लोकांच्या! म्हणजे आता लोकही होते यात.

परतीच्या बसमध्ये ती मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसली आणि तरीही तिला ते दार दिसलं, समोरच्या दुकानाच्या काचेत, उलटं. ही बस एमिलचीच. म्हणजे याच मार्गावर त्यानं उमेदीची सगळी वर्षं बस हाकली. पुलावरून, उतारावरून, त्या हिरव्या दारासमोरून. नाताळात बायका त्याला बिस्किटांचे डबे द्यायच्या. रोझली डबे उघडायची, वास घ्यायची आणि विचारायची, ही कोण? "तिसऱ्या थांब्यावरची म्हातारी," तो सांगायचा. नेहमी म्हातारीच. एका मार्गावर इतक्या म्हाताऱ्या कशा, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तरुण पोरींना माझ्यापर्यंत यायला वेळ नाही गं, त्या मागच्या दारानं उतरतात." तो असाच बोलायचा, सगळं हसण्यावारी न्यायचा, आणि रोझलीला वाटायचं की हसणाऱ्या माणसाला लपवणं सोपं जातं. तिच्या बापाचंही असंच होतं. बाप हसत हसत घरातून गेला आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईच्या दारात बर्फ उपसताना कुणाला तरी दिसला. तेव्हापासून रोझलीला हसरी माणसं आवडायची आणि तिचा त्यांच्यावर विश्वास नसायचा, दोन्ही एकदम. एमिलला हे ठाऊक होतं. पहिली कित्येक वर्षं तो समजावत राहिला, शपथा घेत राहिला. पुढं त्यानं समजावणं सोडलं. म्हणजे भांडला नाही, चिडला नाही. एखादं दार नीट लागत नाही म्हणून माणूस ते दुरुस्त करायचं सोडून देतो आणि तसंच ढकलून वापरतो, तसं.

आणि मग त्याची मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड डायलिसिसला जायचं. केंद्राची गाडी सकाळी दारात यायची आणि त्याला घेऊन जायची. पहिल्या दिवशी रोझली कोट घालून तयार होती. "तू कशाला?" एमिल म्हणाला. "चार-चार तास नुसतं खुर्चीत पडायचं असतं. तू बसून बसून वैतागशील, मग मी वैतागेन." तिनं कोट काढला, पण तो 'कशाला' तिच्या कानात राहिला. तो परत यायचा तो राखेसारखा चेहरा घेऊन. बोलायचा नाही. सूप ढवळत बसायचा आणि मग झोपायचा. उजवा हात कायम खिशात. स्वेटरच्या, पायजम्याच्या, घरातल्या घरात कोट घातला असेल तर कोटाच्या. काय आहे त्या खिशात, हा प्रश्न तिला जेवू देईना. तो झोपला की ती खिसे तपासायची. रुमाल, लिंबाच्या गोळ्या, एकदा एक बटण. गेल्या वर्षी याच दिवसांत त्याच्या स्वेटरवर तिला काळे, बारीक, कुरळे तंतू सापडले. एक नाही, कितीतरी, छातीवर आणि मांडीवर. तिनं ते चिमटीनं एकेक गोळा केले, बशीत ठेवले आणि बशी त्याच्या सुपाशेजारी आणून आदळली. "कुणाचे केस हे?" एमिलनं बशीत बघितलं. आधी तो हसला, मनापासून, कितीतरी दिवसांनी. मग तिच्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "कोळ्याचे," तो म्हणाला. रोझलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळ्याचे! एवढं तोंडावर खोटं, आणि तेही थट्टेत. ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. त्या आठवड्यातच तिनं, न बोलताच, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिशव्या आणि हँगर ठेवले, तारा ठेवल्या. एमिल दारात उभा राहिला. उजवा हात खिशात. "यंदा नको, रोझी," तो म्हणाला. "हात चालत नाहीत माझे." तिनं सगळं आवरून कपाटात टाकलं. मरायच्या आधीचं त्याचं शेवटचं हॅलोविन, आणि झुर्कोंचं दार उघडंबोडकं राहिलं. हात चालत नव्हते म्हणे. मग हिरव्या दारावरचा कोळी काय पायांनी केला?

दुसऱ्या दिवशी तिची नणंद टेकला आली. टेकला एमिलहून मोठी, ऐंशीची, पण कोपऱ्यावरून काठी आपटत एकटी यायची आणि आल्या आल्या रोझलीच्या फ्रीजमध्ये डोकं घालायची.

"दगडाचं झालं का?" फ्रीजमधूनच तिनं विचारलं.

"अजून नाही."

"नाही कसं? काल गेली होतीस ना? नाव घालायला एवढा विचार कसला करायचा? स्पेलिंग विसरलीस का?"

"टेकला, एमिलनं तुला कधी कोळी करून दिला होता?"

टेकलानं दार लावलं आणि तिच्याकडे रोखून बघितलं. "मला? त्यानं मला उभ्या जन्मात एक फूल दिलं नाही, कोळी कुठला देतो! का?"

रोझलीनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचं बोलणं ऐकू येत होतं: सात पाय, बेजोड डोळे, हिरवं दार. टेकला ऐकता ऐकता खुर्चीत बसली, हॅमचा तुकडा तोंडात टाकला, चघळला.

"झालं? संपलं? आता मी बोलते," ती म्हणाली. "तो जिवंत होता तेव्हा तू त्याचे खिसे उलटेसुलटे केलेस. ते मला माहीत आहे, त्यानंच सांगितलं. आता बिचारा मातीत गेलाय, तर त्याच्या मातीचे खिसे तपासणार आहेस का?"

"त्यानं तुला सांगितलं?"

"भाऊ आहे माझा. सांगायला नको?"

"आणि काय सांगितलं?"

"बघ! बघ कशी डोळे फाडतेस!" टेकलानं काठी जमिनीवर आपटली. "अगं बाई, अख्ख्या गावात सात पाय असलेला दुसरा कोळी नसेल कशावरून? कुणाकडे तार कमी पडली असेल. माणसं गरीब आहेत त्या उतारावर."

"आठवा पाय मागं वळवलेला होता."

"बसमधून तुला मागचं दिसलं?"

मागचं दिसलं नव्हतं. तोच काय तो धागा होता: मागं बघायला हवं. एमिल डावखुरा, त्याचा पीळ उलटा बसायचा. सोडवायला गेलं की बोटं फसायची. त्या कोळ्याच्या मागं पीळ सुलटा असेल तर तार कमी पडली असेल, माणसं गरीब असतील, सगळं टेकला म्हणते तसं असेल आणि शुक्रवारी नाव कोरता येईल. उलटा असेल तर आईनं बापाचं नाव टाकलं तसं तिनं एमिलचं टाकून द्यायचं आणि एकटीनं कुठंतरी पडून राहायचं. टेकला उरलेलं हॅम पिशवीत घालून निघाली. दारात थांबून म्हणाली, "जाशीलच तू. मी सांगून काय होणार? पण जाशील तर नीट कोट घालून जा. भांडायला जायचं तर माणसानं बरं दिसावं."

तिनं नीट कोट घातला. एमिलनं घेऊन दिलेला निळा. भर दुपारी त्याच बसनं गेली, सिग्नलच्या आधीच्या थांब्यावर उतरली आणि उतारावरून खाली चालत आली. पानं गळली होती. फूटपाथवर त्यांचा चिखल झाला होता आणि कुठूनतरी शेगडीच्या धुराचा वास येत होता. दार जवळ येईल तसं तिला वाटू लागलं, की हे आपण आधी केलेलं आहे. मग आठवलं. आई तिला हाताला धरून दुसऱ्या गावच्या एका गल्लीत घेऊन गेली होती, आणि दोघी एका दारासमोर उभ्या राहिल्या होत्या, कितीतरी वेळ, आणि आईनं दार वाजवलं नव्हतं. परतताना आईनं तिला लाल गोळी घेऊन दिली. ती गोळी चोखताना रोझलीला जे वाटलं होतं तेच आता वाटत होतं: आत काहीतरी चाललंय, ऊब आहे, हसणं आहे, आणि आपण बाहेर. हिरव्या दारासमोर उभं राहून तिनं डावीउजवीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. जवळून पाहिल्यावर कोळ्याचा एक डोळा तिनं ओळखला. बस चालवणाऱ्यांच्या जुन्या गणवेशाचं पितळी बटण. तिनं खिळ्यावरून कडं उचललं आणि उलटं केलं.

पीळ उलटा होता. घट्ट, एकाला एक चिकटून, शेवटी टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. तिनं त्यावर अंगठा ठेवला. तोच दार उघडलं.

"हॅलोविनची गोळ्या-चॉकलेटं अजून दोन आठवड्यांनी वाटणार आहे," दारातली बाई म्हणाली. "आणि तीसुद्धा पोरांना."

काळी, उंच, साठीची, अंगात जांभळा झगा, पायांत लोकरी मोजे. डावा हात दंडापासून मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. रोझलीच्या हातात तिचं कडं होतं. चोर मुद्देमालासकट सापडावा तशी ती उभी होती, आणि पाठ करून आणलेली सगळी वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक.

"हे कुणी केलं?" तिला एवढंच विचारता आलं.

बाईनं कड्याकडे बघितलं, मग निळ्या कोटाकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे. आणि तिचा चेहरा बदलला, सैल झाला. "अरे देवा," ती म्हणाली. "तू रोझी. एवढी रागावलेली बाई दुसरी कोण असणार! ये, आत ये. उभं राहून जमत नाही मला, आज सुया टोचून आलेय."

रोझलीला आत जायचं नव्हतं. ती गेली. पहिली नजर तिनं बाईच्या झग्यावर फिरवली. छातीवर, मांडीवर काळे, बारीक, कुरळे तंतू चिकटलेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर एक हँगर, कात्री, काळ्या पट्ट्यांचा ढीग आणि केसाळ तारांची जुडी. त्या तारा रोझलीनं हातात घेतल्या. घेतल्या घेतल्या त्यांचे तंतू तिच्या निळ्या बाहीला चिकटले. कोळ्याचे, तो म्हणाला होता. कोळ्याचे! तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"मी ओडेसा," बाई समोर बसत म्हणाली. "शाळेच्या खानावळीत होते, आता कुठंच नाही. तुझ्या एमिलच्या शेजारची खुर्ची माझी. काय खुर्च्या असतात त्या! पाय वर, डोकं मागं, आणि एक हात यंत्राला बांधलेला. हलवायचा नाही, नाहीतर घंटा वाजते आणि नर्स धावत येऊन शिव्या घालते. पहिले काही दिवस आम्ही छताकडे बघितलं. एक दिवस हा खिशातून लोकर काढतो आणि जेवायचा काटा! मी म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं."

"तो इथं यायचा?" रोझलीनं विचारलं.

"इथं? माझ्या घरी? छे गं. कड्याच्या खोक्यासकट मला गाडीनं सोडलं तेव्हा लांबून दार बघितलं असेल तेवढंच. म्हणाला, आयुष्यभर या दारासमोर सिग्नलला थांबलोय, तेव्हा निळं होतं."

ती खोटं बोलत नव्हती. रोझलीला खोटं ओळखता येतं असा तिचा जन्मभराचा दावा होता, आणि आज तिला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला फक्त खोटंच शोधता येतं. खरं समोर आलं तर आपण त्याला बशीत घालून आणून आदळतो. तरीही ती सोडेना. "पण घरी मला म्हणाला, हात चालत नाहीत."

"हात नाही. हात एकच." ओडेसानं आपला पट्टीतला हात टेबलावर ठेवला. "बघ, यंत्राच्या सुयांसाठी डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हातात शीर जोडतात. म्हणजे कामाचा हात मोकळा राहावा. माझं उलटं. पण त्याची ती शस्त्रक्रिया बिघडली. हाताला रक्तच पोहोचेना. बर्फासारखा गार, बोटं निळी, तीन बोटांना काही कळतच नाही. तुला ठाऊक नव्हतं?"

उजवा हात. स्वेटरच्या खिशात, पायजम्याच्या खिशात, कोटाच्या खिशात. रुमाल, लिंबाच्या गोळ्या, एक बटण. तिनं सगळे खिसे पाहिले होते, फक्त त्यातला हात पाहिला नव्हता.

"मी विचारलं त्याला, बायकोला का नाही सांगत," ओडेसा म्हणाली. "म्हणाला, तिच्यासमोर मी एका हाताचा नाही होणार. ती टेबलावर सगळं मांडेल, मी तार धरायला जाईन, तार पडेल, मग ती मदत करेल. तो 'मदत' शब्द असा म्हणाला की जणू औषधाची कडू गोळी जिभेवर आहे. तिथं आमच्याकडे काय, सगळेच एका हाताचे. तिथं लाज नव्हती."

"मग हे केलं कसं?" रोझलीनं कड्याकडे बोट केलं. "गोंड्याला गाठ मारायची, तारा आवळायच्या, पीळ द्यायचा. एका हातानं कुणाच्या बापाला जमेल?"

ओडेसा हसली. "एका हातानं कशाला? त्याचा उजवा बांधलेला, माझा डावा. दोन खुर्च्यांच्या मध्ये त्याचा डावा आणि माझा उजवा मोकळा. मी एक टोक धरायचे, तो दुसरं फिरवायचा. नर्स म्हणायच्या, चालले बघा यांचे दोन हात! आधी इतक्या वेळा पडलं, इतक्या वेळा हसलो, की घंटा वाजली. पाय मागं वळवताना मी म्हटलं, अरे, आठवा कुठंय? तर म्हणतो, दिसला तर कोळी पडला म्हणून समज."

दुसरी बाई नव्हती. म्हणजे होती, समोर बसली होती, लोकरी मोजे घालून. चार-चार तास, एक दिवसाआड, दोन खुर्च्यांच्या मध्ये त्याचा एक हात आणि हिचा एक हात मिळून एक माणूस होत होता आणि हसत होता, आणि घरी आला की सूप ढवळत होता. तिला हेवा वाटला. संशयापेक्षा हे वाईट होतं. संशयाला निदान शोधायला काहीतरी असतं, खिसे असतात, बशी असते. हेव्याला काही नव्हतं. नुसतं छातीत दुखत होतं, उघड, स्वच्छ. तिनं त्याला कुठल्या दुसऱ्या बाईच्या बिछान्यात शोधलं नव्हतं, असं नाही. या खुर्चीत शोधायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं, ती कोट घालून गेली असती, तर दारातून तिला बघून त्यानं तो डावा हात मागं घेतला असता. हे तिला आतून, अगदी लख्ख कळलं. त्याला लाज वाटली असती म्हणून नव्हे. तिनं काय विचारलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं म्हणून.

"हे मागच्या वर्षीचं," ओडेसा कडं पुसत म्हणाली. "खोक्यातून काढून लावलंय. यंदाचं हे इथं पडलंय. त्याच्या खुर्चीत आता एक पोरगा असतो, कानात गाणी घालून झोपतो. त्याला कसं म्हणू, बाबा, जरा तार धर?" तिनं हँगर ओढला, एक पट्टी उचलली, एका हातानं तारेभोवती टाकली. पट्टी सुटली. तिनं पुन्हा टाकली. "गाठी सैल बसतात, मला माहितेय. तू बाहेर उभी राहून तेच बघत होतीस. तो म्हणायचा, रोझीच्या गाठी बघ, मग बोल."

"असं म्हणायचा?"

"शंभरदा. मला कंटाळा आला होता तुझ्या गाठींचा."

बाहेर सिग्नलला बस येऊन थांबली. तिच्या इंजिनाची घरघर टेबलापर्यंत पोहोचली, कात्री थरथरली, मग बस गेली. जाताना दगडवाल्याला निरोप द्यायला हवा, रोझलीच्या मनात आलं. शुक्रवारची वाट कशाला बघायची? जन्माचं वर्ष, आडवी रेघ, पुढं मोकळी जागा. तिनं खुर्ची पुढं सरकवली. मग पुढं आलेले दोन्ही हात तिला टेबलावर दिसले, धडधाकट, उतावळे, जन्मभर मिळून सगळं ओढून घट्ट करत आलेले. पट्टी ती एका क्षणात बांधून टाकू शकली असती.

तिनं उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि आतच ठेवला. डावा पुढं केला.

"तू धर," ती म्हणाली. "मी फिरवते."